करवंटीची बटणं

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवढे लोकरीचे स्वेटर होते, तेवढे सिमल्यातल्या एखाद्या घरातही नसतील. सासरे गेल्यावर सासूबाई कोकणातल्या घराला कुलूप लावून आमच्याकडे राहायला आल्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आल्या त्या विणायच्या सुया बरोबर घेऊनच. बाहेर ऑगस्टचं ऊन, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि या बाई मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन विणत बसलेल्या. नवऱ्याच्या ऑफिसात एसी कडक म्हणून त्याला एक, मला एक, मुलाला दर वर्षी वाढत्या मापाचा एक. खालच्या दुकानातल्या मल्याळी माणसालाही मिळाला. इमारतीच्या पठाण वॉचमनला दिला तेव्हा तो म्हणाला, "अम्माजी, इधर बर्फ किधर है?"

"रहने दो," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ बोलके नहीं आता."

स्वेटरांचं मला हसू यायचं, राग यायचा तो एसीचा. त्यांच्या खोलीतला एसी त्यांनी कधी लावू दिला नाही. पंख्याखाली बसायच्या, पाठीला लुगडं चिकटलेलं असायचं, पण हूं नाही की चूं नाही. विजेच्या बिलाचे दिरहम रुपयांत करून ऐकवायच्या, पण ते निमित्त आहे हे मला कळत होतं. मी मुळात तापट. "अहो आई, लोक म्हणतील, सून सासूला भाजून काढते," असं मी किती वेळा म्हटलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. "मला गार सोसत नाही गं," एवढंच उत्तर.

माझे मोठे दीर मी फक्त फोटोत पाहिले आहेत. पुण्यात कॉलेजला असताना गिर्यारोहणाच्या नादाला लागले आणि बाविसाव्या वर्षी मित्रांबरोबर हिमालयात गेले, ते परत आलेच नाहीत. वादळात एका हिमनदीवर वाट चुकली, एवढंच बरोबरच्यांना सांगता आलं. माझा नवरा तेव्हा शाळेत होता. सासऱ्यांनी बारा वर्षं वाट पाहिली आणि रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, असं नवरा सांगतो. घरात हा विषय कुणी काढत नसे. मीही कधी काढला नाही.

एका सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर निघालो होतो. वाळवंट संपून डोंगर सुरू झाले तशा सासूबाई खिडकीला कपाळ लावून बघायला लागल्या. उघडे, तपकिरी, करपलेल्या भाकरीसारखे डोंगर. गवताची काडी नाही.

"यांच्यावर बर्फ पडतो का रे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"इथे कुठला बर्फ, आई? पाऊस पडला तरी लोक गाड्या काढून बघायला येतात."

"चांगले डोंगर आहेत," त्या म्हणाल्या.

समुद्रावर पोचल्यावर नवरा आणि मुलगा पाण्यात गेले. आम्ही दोघी चटईवर बसलो. थर्मासमधला चहा मी त्यांच्या हातात दिला, आणि काही न विचारता त्या बोलायला लागल्या.

"त्यानं पत्र पाठवलं होतं, आई, स्वेटर विण, थंडी असेल. मला काय गं ठाऊक थंडी? आमची थंडी म्हणजे पौषातली पहाट. शेकोटी केली की संपली. बाजारात लोकर मिळेना. मग तोरणं विणायचा सुती दोरा होता ना, तो दुहेरी घेऊन विणला. मऊ झाला होता हो. ह्यांनी करवंटी घासून बटणं करून दिली. तो घालून बघून म्हणाला, एकदम गरम आहे. माझं मन राखायला म्हणाला असेल."

चहा गार झाला तरी त्यांनी तो तोंडाला लावला नाही.

"तो गेल्यावर त्याचे मित्र भेटायला आले होते. त्यातला एक सहज बोलून गेला, तिथं सुती कपडा अंगावर भिजला की वैरी होतो. बिचाऱ्याला माहीत नव्हतं मी दाराआड आहे. मी माझ्या हातानं माझ्या पोराला थंडीत मारलं गं."

"नाही हो आई, असं नसतं," मी म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. एसीचं कोडं त्या दिवशी उलगडलं, आणि पुढे त्यावरून मी एकदाही कटकट केली नाही. त्यांच्या खोलीत एक टेबलफॅन तेवढा आणून ठेवला.

नवं शतक उजाडलं. मुलगा सोळाचा झाला, बापाच्या खांद्यावरून वर गेला. त्याच्या मापाचा स्वेटर सुयांवर होता, जाड, गडद लाल. माप घ्यायला उभं केलं की तो म्हणायचा, "आजी, इट्स फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज आउटसाइड." आणि तरी हात पसरून उभा राहायचा.

त्याच दिवसांत पुण्याहून फोन आला, दिरांबरोबर गेलेल्या एका मित्राचा. आता त्यालाही नातवंडं झालेली. फोन मीच घेतला. तो म्हणाला, "वहिनी, ती हिमनदी आता पार मागे सरकली आहे. दर उन्हाळ्यात वितळते आणि आतून जुनं काहीबाही वर येतं. बूट, तंबूच्या खुंट्या, दोर. यंदा मेंढपाळांना माणूस दिसला. मी जाऊन बघून आलो. चेहरा तसाच आहे हो. पण चेहऱ्याचीसुद्धा गरज पडली नसती. कोटाच्या आत पांढरा स्वेटर आहे, आणि त्याला करवंटीची बटणं आहेत."

हिमालयातल्या बर्फात आमच्या माडाची करवंटी.

सासूबाईंना नवऱ्यानं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. नवरा म्हणाला, "आई, मी परवा निघतोय. तुझंही तिकीट काढतो, चल."

त्या म्हणाल्या, "मी नको. तो गेला तेव्हा माझे केस काळेभोर होते. आता तो मला ओळखायचा नाही."

ते दोन दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. सुयांवरचा लाल स्वेटर विणून पुरा केला. नातवाला तीन-तीनदा अंगाला लावून बघितला, आणि या खेपेला तो काही बोलला नाही. मग सुयांच्या डब्याच्या तळातून करवंटीची उरलेली बटणं काढली आणि ती टाचली. नवऱ्याच्या बॅगेत स्वेटर ठेवताना म्हणाल्या, "ही खरी लोकर आहे, म्हणावं."

नवरा निघाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी स्पीकर लावून फोन सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आई, झालं सगळं," तो म्हणाला. "अग्नी दिला. आणि ऐक, इथल्या डॉक्टरांनी तपासलं. दादा थंडीनं नाही गेला. बर्फाच्या भेगेत पडला, मानेचं हाड मोडलं. पडला तिथेच गेला. थंडी लागायला वेळच मिळाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं."

सासूबाईंनी डोळे मिटले. मग विचारलं, "माझा स्वेटर?"

"अंगातच होता. अगदी अंगाशी. तो काढला नाही आम्ही. तुझा लाल घालता नाही आला, वरून पांघरला."

"बटणं लावलीस?"

"सगळी लावली, आई."

तेव्हा त्या रडल्या. इतकी वर्षं अडवून धरलेलं सगळं एकदम आलं. मी त्यांना कुशीत घेऊन बसले आणि मीही रडले, न पाहिलेल्या दिरासाठी आणि त्याहून जास्त या बाईसाठी. फोन कधी बंद झाला ते दोघींनाही कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी सुतक म्हणून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. मी पाणी घेऊन गेले तर कपाळावर घाम डवरलेला होता. मी टेबलफॅन जवळ ओढायला लागले.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. "फार उकडतंय गं आज. जरा एसी लाव."