नित्याचा अल्बम आणि काकीचा धवला

किन्हवलीच्या आमच्या गोडाऊनमध्ये स्पीकरपेक्षा किस्से जास्त साठलेत. स्पीकर निदान लग्नाच्या सीझनला भाड्याने बाहेर जातात. किस्से कोण नेणार? ते तिथेच पडून असतात आणि चहा आला की कोणीतरी एक उघडतो. त्यातल्या निम्म्यांवर हसायचं की नाय, तेच अजून आमचं ठरत नाय. तरी सांगतो.

साउंड सर्व्हिस माझी. नित्या माझा दोस्त, माझ्याबरोबर वायरी ओढायचा आणि उरलेला वेळ रॅप करायचा. त्याची आई काशीकाकी, धवलारीण. आमच्याकडे हळदीपासून पाठवणीपर्यंत धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गायला ती लागतेच. ती एक ओळ म्हणते, मग मागच्या बायका तीच ओळ उचलतात. भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नाय! शहापूर-मुरबाडातली कितीतरी पोरं काकीच्या आवाजावर बोहल्यावर चढली. तिचा स्वतःचा मुलगा तेवढा राहिला होता.

*

काकीला घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलात मी बरोबर होतो. डॉक्टर बोलले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल."

एका दमात अख्खं कडवं मारणारा नित्या हातातल्या रिपोर्टची पानं उलटत राहिला. काकी मात्र शांत. बोलली, "काढा. पन माझ्या पोराच्या हलदीला कोन गाईल, ता आधी सांगा."

डॉक्टर चांगला माणूस होता. तो खिडकीबाहेर बघत बसला.

नित्याचा अल्बम बरेच दिवस नुसता "येतोय, येतोय" चालला होता. हॉस्पिटलच्या जिन्यातच तो बोलला, "बाल्या, ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करायचा. आयचा धवला त्याच्यात पाहिजे म्हंजे पाहिजे."

*

गोडाऊनच्या भिंतींना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, काकीला माईकसमोर बसवलं. काकी इकडेतिकडे बघायला लागली.

"काकी, चालू कर ना."

"हलद कुठं हाय?"

"काकी, हे रेकॉर्डिंग हाय गो!"

"असंल. हलदीशिवाय धवला गात नाय मी. बरा नसता ता."

आता हळद म्हणजे नवरा आला! नित्याला बसवू बोललो, तर माझ्यावरच डाफरली, "त्याला खरी लागायचीय! तू बस." झालं. दोन पोरांचा बाप मी, बनियनवर पाटावर बसलो. मला हळद फासली आणि काकीनं डोळे मिटले.

काय गायली म्हणून सांगू! आवाज मधेच चिरत होता, दम घ्यायला थांबत होती, तरी गात होती. नित्या हेडफोन लावून रडत होता. माझंही काय वेगळं नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं. माझी बायको जेवणाचा डबा घेऊन उभी! तिनं हळद बघितली, रडणारा नवरा बघितला, डबा खाली ठेवला आणि विचारलं, "कोन हाय ती?"

*

रेकॉर्डिंग परत ऐकलं तर गाण्यात नवऱ्याचं नाव नितेश!

"काकी, हळद मला आणि नाव त्याचं?"

"तोंडात ताच आला. काय करू मंग?"

नवरीच्या नावाच्या ठिकाणी मात्र काहीच नव्हतं. दर कडव्याला तिथे काकी गप्प राहिली होती. नित्या बोलला, "आय, इथं गॅप पडलाय."

"पडला नाय. जागा सोडलीय. नवरी आली का भर."

त्याच आठवड्यात काकीचं ऑपरेशन झालं. नंतर तिच्या गळ्यावर कायम एक पांढरा रुमाल असायचा.

*

अल्बमचं नाव 'व्हॉल्व्ह'. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि नित्याच्या पाड्यावर टँकर येतो, त्याच्यावर बरीचशी गाणी. शहापूरला छोटा हॉल घेतला, नारळ फोडला. नित्यानं पहिलाच ट्रॅक असला मारला की माझ्या अंगावर काटा आला. धरण, टँकर, पुढारी, कोणाला सोडलं नाय!

ट्रॅक संपला. पहिल्या रांगेतून नित्याचा मामा उठला, "भाच्या, भाषान मस्त झाला. आता गाना चालू कर!"

*

काकीला एकच घाई, नित्याचं लग्न. बोलता येत नव्हतं, तर ती हातानेच हळद लावल्याची खूण करायची. दिवसभर तेच. शेवटी मुरबाडकडच्या एका मुलीच्या बापाला भेटायला मी आणि नित्या गेलो. चहा झाला. मी विषय काढला, "मुलगा मेहनती आहे. पुढे नोकरीचंही..."

बाप बोलला, "राहू दे. अल्बम ऐकलाय मी. तिसऱ्या गाण्यात त्यानं स्वतःच सांगितलंय, नोकरी नाय, घर गळतंय, खिशात काय नाय. मी आता वेगळी चौकशी कशाला करू?"

नित्या येताना बाइकवर मागे बसून बोलला, "साला, मन लावून ऐकणारा हा एकच भेटला!"

*

मग मुंबईहून एक चॅनलवाला आला. पाठीवर बॅग, गळ्यात कॅमेरा. धवल्याचा ट्रॅक त्याला फार "रॉ" वाटला होता. त्याला आईंचा बाइट पाहिजे होता, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन शब्द.

मी त्याला बाजूला घेतलं. बोललो, "भाऊ, ऑपरेशन झालंय. आवाजाची पेटी काढलीय. बोलता येत नाय."

"ओके, ओके," त्यानं मान हलवली. "मग छोटासाच घेऊ."

नित्यानं त्याला हात धरून गेटबाहेर नेऊन ठेवला.

*

रॅप फार कोणी ऐकला नाय. पण सीझन आला आणि धवला सुटला! डीजेवाल्यांनी नित्याचा रॅप कापून टाकला, नुसता काकीचा आवाज ठेवला. ज्या त्या हळदीला तोच. नवरा कोणीही असो, गाण्यात हळद नितेशला! उंबरमाळीच्या एका लग्नात नवरा पाटावरून उठला, "हा नितेश कोन हाय? बोलवा त्याला!" मी स्पीकरमागे लपलो, खोटं कशाला बोलू?

पण सगळ्यांनाच हसायला नव्हतं येत. मुरबाडकडे सोनूबाई म्हणून दुसरी धवलारीण. तिला आता कोणी बोलवेना, मोबाइलवर काम भागत होतं. ती एक दिवस तणतणत काकीच्या दारात. "काशे, तुझ्या गान्यानं माझा पोट मारला! सगल्या गावांत तूच गातंस काय?" पोटभर शिव्या दिल्या. काकी उंबऱ्यात बसून ऐकत होती. उलटून बोलायला तिच्याकडे काय होतं?

सोनूबाई थांबली. मग एकदम काकीच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. "तू काय बोलत नाय, तं मी भांडू कोनाशी गो?"

*

पुढच्या तपासणीत परत गाठ दिसली. या वेळी डॉक्टर ऑपरेशनचं बोललेच नाय.

लग्न मात्र जमलं, ते त्याच घाईत. नवरी कविता, मुरबाडची नर्स, काकीच्या गळ्याचं ड्रेसिंग करायला यायची. तिनं अल्बम ऐकलाच नव्हता. म्हणून जमलं, असं आमचं मत.

हळदीला साउंड माझा. सवयीनं धवलारणीच्या जागेवर एक माईक लावला होता. नित्या पाटावर बसला, मी ट्रॅक सोडला. काकीचा आवाज मांडवभर झाला. काकीनं हात वर केला. बंद कर! मी बंद केला.

काकीला सोनूबाईनं आणि अजून एकीनं धरून उठवलं. ती माईकसमोर येऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. नुसते ओठ. गळ्यावरचा रुमाल वरखाली होत होता. एक ओळ झाली, काकी थांबली.

मग सोनूबाईनं ती ओळ उचलली. मागच्या बायकांनी धरली. काकीनं दुसरी ओळ घेतली. परत बायका. नित्या मान खाली घालून बसला होता, हळदीचे हात त्याच्या तोंडावरून फिरत होते. नवरीच्या नावाशी काकी आली. या वेळी ती तिथे थांबली नाय, ओठ हलले.

"कविता," सोनूबाई गायली.

कल्याणवरून आलेला कोणीतरी पाहुणा मागच्या खुर्च्यांतून ओरडला, "ओ साउंडवाले, माईक चालू करा! बाईंचा आवाज नाय येत!"

"चालूच हाय," मी बोललो.