मखमली गादीचा हेडफोन

चहा बशीत ओतून निवांत घ्या हो, घाई करू नका. माझी ही फजिती ऐकताना लोकांना ठसका लागतो, आणि सांगताना मला आजही घाम फुटतो. माणसानं वस्तू घेताना फार डोकं वापरू नये, एवढं मी त्या हेडफोनपायी शिकलो. न वापरणारे सुखात आहेत. मी वापरलं आणि आयुष्यातून उठलो!

तेव्हा आम्ही नव्या जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. मी एका बियाण्याच्या कंपनीत कारकून. दिवसभर कपाशीच्या बियाण्यांच्या पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन कॅसेटच्या डेकवर गाणी लावायची. तेवढंच सुख होतं बघा. माझी बायको सुनंदा ते सुख भांडी आपटून सहन करायची.

तर त्या साली गावाकडे, पिंपळगाव रेणुकाईला, माझ्या वडिलांना म्हणजे अण्णांना छातीचा त्रास सुरू झाला. चार पावलं चालले की धाप. भोकरदनच्या डॉक्टरनं सांगितलं, आराम करा आणि जालन्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. पण अण्णा ऐकतील तर ते अण्णा कसले!

"शहरात कोणाला येळ हाय रं दिग्या? तुम्ही दोघं कामाला जाणार, आन् मी काय भित्ताडाकडं बघत बसू?"

मी हात जोडले, सुनंदानं रडून पाहिलं, तेव्हा कुठं महाराज तयार झाले. तेही अट घालून.

"येतो. पन स्टँडवर तू सोता घ्यायला ये. न्हाई दिसला, तर त्याच गाडीनं वापस."

हे नुसतं बोलणं नव्हतं बरं का! एका लग्नात कोणी 'या, बसा' म्हटलं नाही म्हणून हा माणूस मांडवातून उपाशी परत आलेला. आणि ते लग्न त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरचं होतं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला दुखवून चाललं असतं का? तो परत गेला असता तर पुन्हा आलाच नसता, आणि ती छाती तशीच राहिली असती.

मग सुनंदानं फर्मान काढलं. "अण्णांला आराम सांगितलाय. ते आले की तुमचा तो डेक बंद. बिलकुल बंद."

माझं तर जगच बुडालं! रात्रभर विचार केला आणि सकाळी उपाय सापडला. हेडफोन!

आता सोपं होतं ना? दुकानात जायचं, एक उचलायचा, घरी यायचं. पण नाही. मला पाहिजे होता घरात तासन्‌तास बसून ऐकायचा हेडफोन. कान न दुखवणारा, खरा आवाज देणारा आणि माझ्या पगारात बसणारा. हे तिन्ही गुण एका जागी असलेला हेडफोन शोधत मी जुन्या जालन्यातली सगळी दुकानं पालथी घातली. स्वतःची कॅसेट खिशात घेऊन जायचो, स्टुलावर बसायचो आणि डोळे मिटायचो.

एक हेडफोन लावला तर ढोलकी एवढी घुमायची, की गाणारा पिठाच्या डब्यात बसून गातोय असं वाटायचं. दुकानदार म्हणायचा, "साहेब, बास बघा, बास!" दुसऱ्याचा आवाज निर्मळ, पण तो कानावर असा बसायचा की चष्म्याची काडी कवटीत रुतायची. तिसरा हलकाफुलका, कापसासारखा. पण त्यातलं गाणं मला कमी आणि दुकानदाराला जास्त ऐकू जायचं. मग अण्णांना आराम कुठला?

शेवटी तो दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, पोरगी बघायला आलेले लोक बी पोहे खाऊन उठतेत. तुम्ही तर स्टूल सोडून न्हाई राह्यले!"

पण त्यानंच शेवटी वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. मोठा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन. मखमली गाद्या, चष्म्यावर जराही भार नाही, वायर एवढी लांब की ऐकता ऐकता मोरीपर्यंत जाऊन यावं. आणि आवाज? तंबोऱ्याची तार जिथं छेडली तिथंच ऐकू यायची. किंमतही अवाच्या सवा नव्हती.

"बाहेरचा आवाज आत न्हाई येणार, आतला बाहेर न्हाई जाणार. गॅरंटी!" दुकानदार म्हणाला.

ती गॅरंटी त्यानं शब्दशः पाळली, हीच तर रड आहे.

ज्या दिवशी हेडफोन घरी आणला, त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं अण्णा येणार होते. मी खुशीत पेढेही आणले. नवी वस्तू घरात आली की आमच्या गल्लीत पेढे वाटायची पद्धत, आणि ह्या हेडफोनबद्दल तर मी महिनाभर सगळ्यांचे कान किटवले होते. सुनंदा बाजरीचा डबा घेऊन गिरणीत निघाली. जाताना दारातून म्हणाली, "टायमावर स्टँडवर जा बरं का. अण्णांचा सोभाव माहिती आहे ना?"

"निघतोच आहे. तू जा जल्दी."

म्हटलं, वेळ आहे, कॅसेटची एक बाजू ऐकू. दार लोटून घेतलं, हेडफोन चढवला, आणि अहाहा! माझ्या आवडीचं, लग्नातल्या वरातीचं, नाचायला लावणारं गाणं. मी कधी गायला लागलो ते मलाच कळलं नाही.

आणि इथंच तो घात झाला. कान पक्के झाकले आणि आत गाणं वाजत असलं की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मला वाटत होतं, मी गाणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतोय. देवाशपथ सांगतो, इतका सुरात मी जन्मात लागलो नव्हतो! पण गल्लीला तंबोरा ऐकू येत नव्हता. ढोलकी ऐकू येत नव्हती. गल्लीला ऐकू येत होता फक्त मी.

आमची नि शेजारच्या म्हस्क्यांची भिंत एकच. म्हस्के वहिनी गहू निवडत होत्या, त्यांच्या हातातलं सूपच पडलं म्हणे. त्यांनी म्हस्क्यांना खिडकीतून बघायला पाठवलं. म्हस्के बँकेतला माणूस, खात्री केल्याशिवाय बोलायचा नाही. त्यानं काय पाहिलं? मी जमिनीवर बसलेला, डोळे मिटलेले, डोकं हलतंय, एक हात आभाळाकडे आणि गालांवरून पाणी. चांगलं गाणं लागलं की माझे डोळे वाहतात हो, त्याला मी काय करू?

अण्णांच्या छातीचं दुखणं अख्ख्या गल्लीला माहीत. आमच्या घरी नुकताच टेलिफोन बसलेला, म्हणजे गावाकडची बातमी थेट घरात येणार, तेही माहीत. मग दुसरं काय असणार?

आता आमच्याकडची रीत ऐका. दुःखाच्या घरी जाऊन कोणी 'काय झालं' विचारत नाही, 'कसं झालं' म्हणत नाही, आणि गेलेल्याचं नाव तर मुळीच घेत नाही. गुपचूप यायचं, चपला बाहेर काढायच्या, खाली बघत बसायचं. घरचा माणूस बोलेल तेव्हा बोलेल.

कॅसेटची बाजू संपली. मी डोळे उघडले. खोली माणसांनी भरलेली! दारात बायका, पदर तोंडाला. सगळे खाली मान घालून गप्प.

सांगा बरं, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हेडफोन बघायला आले! महिनाभर बोलत होतो ना मी! ऊर भरून आला माझा. म्हटलं, गल्लीला संगीताची एवढी ओढ?

"अरे, या या! कधी आले? आवाज तरी द्यायचा," मी म्हणालो. कोणी मान वर करेना. मी म्हस्क्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "बघा म्हस्के, गादी बघा. कान दुखतो का? तासभर घाला, दुखत नाही."

म्हस्क्यांनी माझा हात घट्ट धरला आणि ढसाढसा रडायला लागले.

मला वाटलं, तंबोरा भिडला. पण डेक तर बंद होता!

मागून बायकांची कुजबुज आली, "धक्का बसला वो त्यान्ला. बोलू द्या, मोकळं होऊ द्या." मला त्यातलं काही कळलं नाही. उलट मी काय केलं असेल? पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"घ्या, तोंड गोड करा सगळ्यांनी!"

एक एक पेढा मी प्रत्येकाच्या हातावर ठेवत गेलो. कोणी नाही म्हणेना, कोणी खाईना. म्हस्के वहिनींनी पेढा हातात धरून असा हंबरडा फोडला, की मी म्हटलं, पेढे शिळे लागले की काय?

मी हेडफोन परत घेऊन गळ्यात अडकवला आणि डेकपाशी जाऊन कॅसेट उलटी करायला लागलो. माझी पाठ दाराकडे. आणि नेमके त्याच वेळी अण्णा आले.

स्टँडवर मी दिसलो नव्हतो. गाडी उशिरा आलेली, पोटात कावळे, पारा चढलेला. परत जायला गाडी नव्हती म्हणून रिक्षा करून घर शोधत आले, ते माझी हजेरी घ्यायलाच. पण दारात बघतात तर चपलांचा ढीग, आत मौन. गावचा माणूस तो, रीत चुकणार कशी? सगळा राग गिळून त्यांनी डोक्याची टोपी काढली, पिशवी बाजूला ठेवली आणि दारापाशी खाली मान घालून बसले. त्यांच्याही हातात कोणीतरी पेढा दिला. ह्या घरी ते पहिल्यांदाच आलेले, गल्लीत त्यांना ओळखत कोणीच नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

"दिगंबररावचे वडील."

"कोन्च्या दिगंबररावचे?"

"हे काय, समोर बसले ते. पिंपळगाव रेणुकाईला ऱ्हात होते. छातीचा त्रास होता."

अण्णा भिंतीला धरून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आरं दिग्या, मंग हितं बसून मी कोनाच्या मयताला आलोय?"

काय सांगू त्यानंतरची पळापळ! दोन बायका किंचाळल्या. एका म्हाताऱ्यानं अण्णांना हात जोडले. आणि तेवढ्यात सुनंदा पिठाचा डबा घेऊन दारात! तिनं गर्दी पाहिली, अण्णांना पाहिलं, डेक पाहिला, मग माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिची ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अण्णांनी पिशवी उचलली. "स्टँडवर आला न्हाई ते न्हाई, वरून माझं मयत उरकून पेढे वाटून राह्यला? सकाळची पहिली गाडी कितीला हाय?"

संपलं! आता डॉक्टर नाही, औषध नाही. एका कॅसेटच्या एका बाजूपायी मी माझा बाप घालवला.

तेव्हा म्हस्के वहिनी डोळे पुसत पुढे आल्या. "अण्णा, असं बोलू नका वो! तुमच्यासाठी किती रडले ते! अख्ख्या गल्लीनं आयकलं. असं रडणं मी कोण्या पोराचं न्हाई पाह्यलं."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला.

"गाडी लेट झाली, म्हनून रडत बसला व्हय रं?" ते म्हणाले. "मला काही झालं असंल, असं वाटलं तुला?"

खरं सांगावं तर बाप जातो. खोटं सांगावं तर पंधरा वर्षं जिवापाड जपलेलं माझं गाणं रडणं ठरतं. मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं दात ओठ खात मान हलवली.

"हो अण्णा," मी म्हणालो, "रडतच होतो."

अण्णा राहिले. डॉक्टरला दाखवलं, औषधं लागू पडली, धाप गेली. महिन्याभरात स्टेशनपर्यंत पायी फिरून यायला लागले. कोणी भेटलं की माझं कौतुक, "पोरगं लई हळवं हाय माझं."

एका सकाळी ते फिरायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. हेडफोन चढवला, डोळे मिटले. तीच वरात, तीच ढोलकी. आणि ती तान, जी मला वर्षानुवर्षं हुलकावणी देत होती, ती त्या दिवशी अशी सुरेख निघाली, की मी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

पाठीवर हात पडला. बघतो तर अण्णा, हातात पाण्याचा तांब्या, डोळे भरलेले.

"घे, पानी पे," ते म्हणाले. "मी बरा झालो ना आता? मंग आता कामून रडून राह्यला रं?"