पूजेसाठी घालवलेला दिवा

दौंडहून फोन आला तेव्हा मी शिरूरच्या विहारातल्या पताका उतरवत होतो. "तुझा मामा गेला. पाटसजवळ, मागून ट्रक..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. आणि माती व्हायच्या आत गावभर झालं होतं, गाडी चालवताना मामालाच डुलकी लागली. ही आवई कुणी उठवली, ते मला माहीत आहे.

मामा एका बागायतदाराकडे, आप्पांकडे, ड्रायव्हर होता. आप्पांच्या नव्या गाडीत कॉम्प्युटर होता. इंजिनात काही बिघडलं की समोर पिवळा दिवा लागायचा. मामानं हौसेनं पुण्याहून कोड वाचायचं यंत्र आणलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायचं, चावी फिरवायची, की पडद्यावर नंबर येतो. मी चळवळीची पत्रकं काढतो, म्हणून मला सांगायचा, "नंबर म्हंजी पत्ता हाय, गुन्हेगार न्हाई. त्या पत्त्यावर जायचं, वायर बघायची, मग बोलायचं. तुम्हा पत्रकवाल्यांसारखं न्हाई, आधी मुर्दाबाद आन् मग चौकशी!"

दसऱ्याच्या सकाळी मी त्याला विहारात न्यायला गेलो, तर गाडीला झेंडूचे हार आणि आत दिवा पेटलेला. मामानं कोड वाचला. इंजिनाच्या एका सेन्सरचा होता. "आप्पा, तापली की चालता चालता बंद पडंल. आज बाहेर काढू नका."

"सणासुदीचं पूजेत असलं काही पेटलेलं नको. घालव तो दिवा."

"आधी दुरुस्ती आप्पा, मग पुसायचं."

आप्पांनी यंत्र त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि पडद्यावरच्या 'पुसू का?'ला स्वतः 'हो' दाबलं. दिवा गेला, नारळ फुटला. "बघ, झाली दुरुस्त! आता पाहुण्यांना दौंड स्टेशनवर सोड, मग जा तुझ्या विहारात." पाहुणे वेळेवर पोचले. मामा एकटा परत येत होता...

आप्पांना आता गाडी भंगारात घालायची घाई आहे. परवा मी पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. मागची बाजू पार चेपलेली, पुढची शाबूत. हवालदारांसमोर मामाचं यंत्र खोचलं, चावी फिरवली. दिवा परत लागला. नंबर तोच.

पत्रक तिथल्या तिथं डोक्यात तयार झालं होतं, आप्पांच्या नावासकट. अजून छापलेलं नाही. नंबर हा पत्ताच आहे, मामा. वायर तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढाच अर्ज ठाण्यात दिला आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठलो नाही. निघताना पडद्यावर नंबराखाली यंत्राचा नेहमीचा प्रश्न होता, पुसू का?

मी 'नाही' दाबलं.