सरांचा पतंग, माझी पूररेषा

पांढुर्ण्यात सगळे संक्रांतीला पतंग उडवतात. आमचे सर संक्रांत सोडून बाकी वर्षभर उडवायचे. पेच लावण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांचा पतंग छत्रीच्या काळ्या कापडाचा, दाराएवढा मोठा होता आणि त्याच्या दोरीला साबणाच्या डबीत बसवलेला एक मोबाइल लटकत असे. तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो काढायचा. पन्नाशीला आलेला भूगोलाचा मास्तर भर उन्हात मान वर करून मैदानात मागे मागे चालतो आहे, हे गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सायकलवाले नुसती घंटी वाजवून बाजूनं निघून जात. सगळे त्यांना पतंगवाले सर म्हणत, आणि शाळेच्या हजेरीपत्रकाबाहेर त्यांचं खरं नाव कोणी घेतलेलं मला आठवत नाही.

ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर जोडून त्यांना गावाचा नकाशा करायचा होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. फोटो नेमका कुठला हे कळावं म्हणून ते उडवण्याआधी रस्त्यांवर आणि गच्च्यांवर चुन्याच्या मोठ्या फुल्या काढून ठेवत. पहिल्या वेळी गावात नुसता हलकल्लोळ माजला. फुली म्हणजे अतिक्रमण तोडायची खूण, असं सगळ्यांनी धरलं. चौकातला मिठाईवाला हात पुसत धावत आला. "सर, आमची पायरी तोडून राहिले काय नगरपालिकावाले?" सर म्हणाले, "नाई बावा, तुमची पायरी फोटोत ओळखू याले पाहिजे म्हनून खूण केली." मिठाईवाल्यानं थोडा विचार केला. "मंग मोठी करा ना. दुकानाचं नावबी टाका." सरांनी फुली खरंच थोडी मोठी केली.

मी तेव्हा नववीत होते. सुटीच्या दिवशी सरांच्या घरी फोटो जुळवायला बसायचे. काकू, म्हणजे सरांची बायको, मला मुरमुऱ्याचा चिवडा द्यायच्या आणि सरांच्या मानेला तेल चोळता चोळता त्यांच्या पतंगाला शिव्या घालायच्या. मी निघाले की दारापर्यंत येऊन म्हणायच्या, "येजो वं पोरी." मी आले नाही असा रविवार क्वचितच गेला असेल.

फोटोत काहीही दिसलं तरी सरांचा पहिला प्रश्न एकच असे, "पायानं पाहिलं काय?" वरून तळं वाटणारी जागा जवळ गेल्यावर निळी ताडपत्री निघते, हे मी त्यांच्याच नादानं सायकलवर फिरून शिकले. पुढे मोठ्या कॉलेजात याच गोष्टीला भारदस्त नाव आहे असं कळलं, पण माझ्या डोक्यात तो सरांचाच प्रश्न राहिला.

बारावीनंतर नागपूरला जाऊन हेच नकाशाचं काम शिकायचं मी ठरवलं, तेव्हा आमच्या बाबांनी साफ नाही म्हटलं. बाबा संत्र्याचे व्यापारी. सौसर, बोरगावकडचे बगीचे झाडावर माल असतानाच घ्यायचे. सर घरी आले. बाबा म्हणाले, "सर, नकाशे शिकून पोरगी करन काय?" सरांनी विचारलं, "भाऊ, तुमी बगीच्याचा सौदा पाहून करता का आयकून?" बाबा म्हणाले, "पाहूनच करा लागते ना." "मंग एवढं गाव वाढून राहिलं, कुठी घर, कुठी नाली, सारा सौदा न पाहता चालू हाय. पाहनारं कोनी तरी पाहिजे का नाई?" बाबांना व्यापाऱ्याच्या भाषेत बोललेलं पटकन पटतं. मी नागपूरला गेले.

एक फोटो मात्र सरांना कधी जुळवता आला नाही. मी दहावीत असताना एका पावसाळ्यात नाला फुगला होता. पाऊस जरा थांबला तसे सर पतंग घेऊन धावले. फोटोत सगळीकडे गढूळ पाणी, एका कोपऱ्यात विजेचा टॉवर आणि मधोमध एका विहिरीचा गोल काठ. चुन्याच्या फुल्या पावसानं धुऊन नेल्या होत्या, आणि वारा असा भरकटलेला की पतंग नाल्याच्या कोणत्या अंगाला गेला होता हे सरांनाही सांगता येईना. "पानी हाय, पन गाव नाई त्याच्यात," असं म्हणत त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरमध्ये तसाच ठेवून दिला.

पुढे नाल्यापलीकडच्या शेतात मुरूम टाकून, जमीन सपाट करून ले-आउट पडला. सरांनी तिथं प्लॉट घेतला. जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेल्या काकूंना अंगण हवं होतं. सर म्हणजे सगळं वरून पाहणारा माणूस, त्यांनी घेतला म्हटल्यावर शाळेतल्या आणखी काही शिक्षकांनीही शेजारी प्लॉट घेतले. काकूंनी घर बांधायच्या आधीच कुंपणाशी जास्वंद लावली.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि शहराच्या विकास आराखड्यासाठी नकाशे करायचं काम नागपूरच्या आमच्या कंपनीकडे आलं. गावचीच पोरगी म्हणून नाल्याची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती रेषा, आखायचं काम माझ्याकडे दिलं. या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी मिळत नाही. पावसाळ्यात उपग्रहालाही ढगच दिसतात, त्यामुळे पाण्याचा पुरावा हाती नव्हता. मला सरांचा तो फोटो आठवला. सरांनी तो आनंदानं पाठवला. शिकलेलं सगळं पणाला लावून मी जुन्या उपग्रहचित्रांत तो टॉवर आणि ती विहीर शोधत बसले. एका दुपारी दोन्ही एकदम जुळले. मी खुर्चीतून उठून ऑफिसभर नाचले, सगळ्यांना चहा पाजला. परत येऊन बसले तेव्हा पाण्याखाली काय येतं ते पाहिलं. सरांचा प्लॉट त्याच्या बरोबर मध्ये होता. आधी मी नाचले होते, हे मला अजून विसरता येत नाही.

लॅपटॉप घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पायानं पाहिलं काय?"

"हो सर. विहीर बुजवली आहे, पण काठाचे दगड अजून आहेत. तुमच्या प्लॉटच्या मागेच."

सरांनी पडद्यावर बोट ठेवून आपला प्लॉट शोधला. मीच म्हणाले, "एकच फोटो आहे सर. नाही धरला तर कोणी विचारणारही नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मंग नको धरू ना वं पोरी," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

"तिले कायले अडचणीत टाकून राहिली तू?" सर हळूच म्हणाले. "पानी आलं होतं. उद्या कोनाचं लेकरू तिथी झोपलं असन त मंग?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धर तो फोटो. आन् खाली माहं नाव टाक, म्हंजे लोक तुले नाई, मले बोलतीन."

काकूंनी चहा दिला. मी निघाले तेव्हा त्या आतच होत्या. मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला, पण "येजो" ऐकू आलं नाही.

लोक सरांनाच बोलले. हरकतींच्या सुनावणीत त्यांच्या शाळेतल्याच एका शिक्षकानं उठून सांगितलं, "ह्यांच्या भरोशावर आमी प्लॉट घेतला, आन् ह्यांच्याच पतंगानं आमचं वाटोळं केलं." सर मागच्या बाकावर हात जोडून बसले होते. मी पुढे, अधिकाऱ्यांच्या शेजारी, स्वच्छ नकाशा घेऊन. रेषा मंजूर झाली. कंपनीत माझं कौतुक झालं, पुढे तीन शहरांची कामं मला त्याच नकाशावर मिळाली. आज लोक मला ज्या कामासाठी ओळखतात ते हेच. सरांना मात्र गावात लोक नमस्कार करेनासे झाले, चौकातला मिठाईवाला तेवढा करायचा. निवृत्त झाल्यावर सर आणि काकू इंदूरला लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेले. जाताना पतंग माझ्या हातात देऊन सर हसत म्हणाले, "तिथी आठव्या माळ्यावर राहा लागते. आता पतंग कायले पाहिजे?"

त्यानंतर त्या प्लॉटवर पाणी आलेलं नाही. दर पावसाळ्यात नाला भरतो, काठापर्यंत येतो आणि उतरतो. मोकळ्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळतात, काकूंची जास्वंद कोणी न पाहता वाढली आहे. ज्यांचे प्लॉट अडकले ते, मी गावी आले की, मला बाजारात विचारतात, "काय मॅडम, आलं का तुमचं पानी?" असं पाणी दर वर्षी येत नसतं, हे मी सभांमध्ये अगदी सोपं करून समजावते. बाजारात मला ते बोलता येत नाही.

यंदा श्रावणात जोराचा पाऊस झाला. बातमी ऐकून मी सकाळीच नागपूरहून निघाले आणि थेट त्या प्लॉटवर जाऊन उभी राहिले. माती ओली होती, एवढंच. तिथूनच सरांना फोन लावला.

"पायानं पाहून आली काय?" त्यांनी विचारलं.

"तिथूनच बोलते आहे सर. पाणी नाही आलं."

"बरं झालं वं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच बरं वाटत होतं. मागे वळून त्यांनी काकूंनाही सांगितलेलं मला ऐकू आलं, "आपल्या प्लॉटवर पानी नाई आलं म्हनते." काकू काय म्हणाल्या ते कळलं नाही.

ज्या पाण्यामुळे त्यांचं व्हायचं घर गेलं ते आलं नाही म्हणून सर खूश होते. मी मात्र घरून निघाल्यापासून ते आलेलं असावं अशी मनात प्रार्थना करत होते. माझ्याच गावात पूर यावा आणि माझी रेषा खरी ठरावी म्हणून. फोन ठेवल्यावर मी कुंपणाशी गेले आणि जास्वंदीच्या बुडाशी हात लावून पाहिला. नुसतीच ओल होती.