बोटीत बायको, रस्त्यावर गाडी

बायको गेल्यावर मुलानं मला कतारला, मुऐदर भागातल्या त्याच्या घरी आणलं. माझं मन रमावं म्हणून एका शुक्रवारी तो मला दोह्यातल्या कालव्यावर बोटीत घेऊन बसला. कालवा कसला, दोन बाजूंना रंगवलेल्या इमारती आणि मधे हौदासारखं पाणी.

एक रत्नागिरीकडचा माणूस बायकोला आमच्यासमोर बसवून स्वतः खाली उतरला. "तू ये आरामात. मी गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला येतो," म्हणाला. पलीकडचं टोक तिथून दिसत होतं, पण पठ्ठ्याला गाडी मागे सोडवत नव्हती.

बोट निघाली आणि हा रस्त्यानं बरोबरीनं. प्रत्येक पुलावर थांबून हात करायचा, मग फोनवर विचारायचा, "पाणी कसं आहे गं?" ती बिचारी फोन पाण्याकडे धरायची. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं पर्स ठेवली होती.

आम्ही उतरलो तेव्हा तो गाडीचं दार उघडून उभा. "चल बस, एसी लावून ठेवलाय."

मला राहवलं नाही. "चावी माझ्या मुलाकडे दे. तो गाडी परत नेईल. तू हिच्याजवळ परतीच्या बोटीत बस."

"काका, नवीन गाडी आहे हो!"

"आणि बायको जुनी झाली काय रे?"

ती खळखळून हसली. त्यानं चावी दिली, मुलाला शंभर सूचना केल्या आणि बसला एकदाचा. बोट हलली तशी ह्याची मान रस्त्याकडे. तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड स्वतःकडे फिरवलं.

माझी असती तर तिनंही हेच केलं असतं, फक्त जरा जोरात.