बिनकोंदणाची अंगठी

लग्न लांबवायला मुली काय काय करतात. कुणी आजारी पडतात, कुणी अन्न सोडतात, आमच्या हॉस्टेलातल्या एकीने तर अंगात आणलं होतं. मी हिरा मागितला.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी नगरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत देवळाली प्रवराला घरी आले, तर माझं लग्न ठरलेलं. स्थळ केडगावचं, मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. त्याला मी एकदा पाहिलं होतं, तेही बुटांपासून गुडघ्यापर्यंत, कारण त्याच्या वर नजर न्यायची आमच्यात पद्धत नव्हती. बूट चांगले होते. तक्रार बुटांबद्दल नव्हतीच. तक्रार एवढीच, की साखरपुडा माघात, लग्न वैशाखात आणि ट्रेनिंगचं दुसरं वर्ष सुरू होणार जूनमध्ये. दुसरं वर्ष नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणजे शाळा नाही, फळा नाही, खुर्ची नाही. मला त्या खुर्चीत बसायचं होतं. "झालं तेवढं शिक्षण रगड झालं," असं अण्णा म्हणाले होते. प्रवरेचा पूर एक वेळ मागे फिरेल, पण आमच्या वडिलांचा शब्द फिरायचा नाही.

बोलणी करायला होणाऱ्या सासूबाई स्वतः आल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. या आत्याबाईंचा आवाज असा, की त्यांनी केडगावात गाईला हाक मारली तर राहुरीच्या गाई माना वळवत. चहाची बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्याकडं सुनेला हिरा घालत्यात. कसा पायजे ते पोरीनंच सांगावं."

अशा वेळी मुलीनं मान खाली घालून "तुमी घालाल तो" असं म्हणायचं असतं. मी मान खाली घातली. आणि खालूनच सांगितलं.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा मामा बोटीवर होता. त्यानं आणलेल्या परदेशी मासिकात मी एक अंगठी पाहिली होती. तिला कोंदण नव्हतं, काटे नव्हते. वळ्याची दोन टोकं समोरासमोर येऊन थांबलेली, आणि त्या फटीत, नुसत्या दाबानं धरलेला हिरा. खालून उजेड, वरून उजेड, जणू हवेत थांबलाय. तशी पाहिजे, असं मी म्हणाले. मनात म्हटलं, नगर जिल्ह्यातला कोणता सोनार ही करतो ते बघू. तो शोधता शोधता वैशाख येईल आणि जाईल, जून येईल, मी वर्गात असेन.

आई आतून म्हणाली, "काय बाई एकेक सोंगं!"

आत्याबाई म्हणाल्या, "करू की."

त्यांना सोनार सापडायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. नगरच्या सराफ बाजारात, बोळाच्या तोंडाशी, खुराड्याएवढ्या दुकानात एक म्हातारे सोनारकाका बसत. मासिकातलं चित्र मी घड्या घालून पाठवलं होतं, शक्य तितकं अस्पष्ट होईल अशा घड्या घालून. तरी त्यांना ते कळलं. वर माझ्या बोटाचं माप मागवलं. मापाचा दोरा आईनं धरला. पण आमची आई शुभकार्यात कोरा दोरा पाठवेल तर शपथ. तिनं आधी तो ओल्या हळदीत बुडवला, माझ्या बोटाला गुंडाळला, गाठ मारली, मग देवापुढं वाळत ठेवला आणि वाळल्यावर केडगावला धाडला.

साखरपुड्याला चार दिवस उरले, मी रजा काढून घरी आले होते आणि अंगठी तयार झाल्याचा निरोप आला. आई आणि मी एस.टी.नं नगरला गेलो. आत्याबाई आधीच दुकानात बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे दुकान भरलं होतं. आई आणि मी उरलेल्या जागेत शिरलो आणि दाराकडची वाट बंद झाली.

सोनारकाकांनी लाल मखमलीवर अंगठी ठेवली. खोटं कशाला बोलू, माझा जीव एक क्षण तिच्यात अडकला. चित्रापेक्षा सुंदर होती. हिरा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण उभा राहिला होता पाटलासारखा.

"ही तुम्ही केलीत तरी कशी?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता, तो त्यांना आनंदाचा वाटला.

"ताई, सरकारनं मधे चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही असा कायदा केला होता ना, तेव्हा बाजारातले सगळे सोनार रडत बसले. मी त्या कडक सोन्यावर हात बसवला. तेच सोनं इथं कामाला आलं. स्प्रिंगसारखं आवळून धरतंय." मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त एक आहे. ही पुन्हा सैल करता येत नाही. ताणली की पकड गेली, पकड गेली की हिरा गेला."

मी अंगठीकडे नीट पाहिलं आणि माझ्या काळजात दिवाळी झाली. अंगठी लहान होती! ओल्या हळदीचा दोरा वाळून आटला होता आणि काकांनी आटलेल्या दोऱ्यावर माप धरलं होतं. आता दुसरी करावी लागणार. साखरपुड्याचा मुहूर्त चुकणार, वैशाख हुकणार. आईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं मला.

"घालून बघते," मी लाडानं म्हणाले. आयुष्यात इतका मोठा गाढवपणा मी परत केला नाही.

अंगठी सांध्याशी येऊन अडली. मी चेहरा पाडला, अगदी नाटक कंपनीत घेतील असा. "लहान झाली हो, आत्याबाई."

"कशी लहान हुईल? हळदीचा दोरा हुता." त्यांनी माझं मनगट धरलं. सोनारकाका "अहो बाई, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी कनवटीची बाटली काढून बोटावर खोबरेल ओतलं होतं. आणि मग, नाठाळ वासरू गोठ्यात लोटतात तशी ती अंगठी त्यांनी लोटली. मी अशी ओरडले की समोरच्या भांड्याच्या दुकानातलं एक पातेलं गडगडत खाली आलं. अंगठी सांध्यापलीकडे गेली.

"बसली!" आत्याबाईंनी काकांच्या चहाच्या ताटलीतली साखर चिमटीत घेऊन माझ्या तोंडात कोंबली. "झाला साखरपुडा. मुहूर्ताची वाट कशाला बघायची? अंगठी बोटात, साखर तोंडात."

"अगं बाई," आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी अंगठी ओढली. हलली नाही. तेल लावून ओढली, काकांनी दोरा गुंडाळून ओढली. बोट आधी लाल झालं, मग जांभळ्या वांग्यासारखं. दुकान आणखी लहान झालं. पुढे आत्याबाई, मागे आई, बाजूला तिजोरी, आणि बोटात ते कडक सोनं. मला घेरी यायला लागली. तोंडात साखर विरघळत होती आणि ती थुंकायचीही सोय नव्हती.

"काका, कापा," मी म्हणाले.

"कापतो. पण कानस लागली की दोन्ही टोकं सुटणार. हिरा उडून कुठं जाईल, देवाला ठाऊक. हे मोडलं की परत जुळत नाही."

आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साखर खाल्ल्याव अंगठी कापायची? न्हाई हां. तसलं कायबी न्हाई करायचं. आमच्या पोराच्या नावाची हाय ती."

त्या घाबरल्या होत्या. ते मला दिसलं आणि माझ्या जांभळ्या बोटातसुद्धा अक्कल आली. मी हात काकांच्या पुढ्यात लाकडी ठोकळ्यावर ठेवला.

"कापा, काका."

"पोरी, तुला काय पायजे ते बोल," आत्याबाई म्हणाल्या.

"वर्ष पाहिजे. ट्रेनिंगचं दुसरं वर्ष. लग्न पुढच्या वैशाखात."

"कसलं वर्ष? तुझ्या अण्णांनी तर सांगितलं, पोरगीच कंटाळली ट्रेनिंगला."

मी आईकडे पाहिलं. आई तराजूकडे बघत होती.

"मी कंटाळले नाही. ही अंगठी कुणाला जमणार नाही म्हणूनच मागितली होती मी."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशा बाजारात म्हशीचे दात बघतात.

"व्हय? लई पोचलेली हाईस की." मग खाली वाकून, हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाल्या, "घे वर्ष. तुझ्या अण्णांचं मी बघते. पर साखरपुडा आजचाच. अंगठी बोटातनं निघायची न्हाई. ज्या दिवशी निघाली, त्या दिवशी वर्ष बी संपलं. कबूल?"

मला वर्ष मिळालं तर पुढे बघता येईल, काहीतरी करता येईल, कदाचित लग्नच टळेल, असं एक चोरकप्प्यातलं गणित मी केलं होतं. ते त्यांनी बरोबर ओळखलं आणि त्याला बाहेरून कडी घातली.

"कबूल," मी म्हणाले.

काकांनी गार पाण्याचा तांब्या आणला. बोट बुडवून तासभर बसले, तेव्हा रंग परत आला. अंगठी फिरायला लागली, पण सांधा ओलांडेना.

जूनमध्ये मी दुसऱ्या वर्षाला बसले. हॉस्टेलचं जेवण असं, की तिथं हत्ती ठेवला असता तर दिवाळीला शेळी होऊन घरी गेला असता. श्रावणात एका सकाळी न्हाणीघरात साबण लावताना अंगठी आपोआप सांध्यावरून घसरली आणि तळहातात आली.

मी कडी लावलेल्या न्हाणीघरात उघडी, ओली, थंडीनं काकडत उभी होते आणि बोट मोकळं होतं. बघणारं कुणी नव्हतं. बोटावर पांढरा पट्टा पडला होता. आत्याबाई केडगावात होत्या, त्यांना कळायची काहीही शक्यता नव्हती. मी अंगठी साबणाच्या खोक्यात टाकून वर्गात गेले असते तरी वर्ष कुणी काढून घेतलं नसतं.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "अगं आटप, पाठाची वेळ झाली."

त्या दिवशी तिसरीच्या वर्गाला शिकवायचा माझा पहिला पाठ होता. मी अंगठी धुतली, बोटाला साबण लावला आणि आत्याबाईंनी लोटली होती तेवढ्याच जोरानं माझ्या हातानं सांध्यापलीकडे लोटली. मग साडी नेसले आणि पाठ घ्यायला गेले.