पंगतीतले खरकटे हात

शेळ्यांना पाला पाडायला मी बाभळीवर चढलो आणि पाल्याच्या आधी मीच खाली आलो. कमरेच्या वरचा मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि दोन्ही पायांनी माझी ओळख सोडली. मी आडवा पडून हाका मारत होतो, तेव्हा शेळ्या माझ्या छातीवर पडलेल्या फांदीचा पाला खात होत्या. त्यातल्या एका कबऱ्या शेळीवर माझा अजून राग आहे.

नांदेडला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आठवड्यातून तीन दिवस कुरुंद्याहून वसमतला फिजिओथेरपीला जाणं सुरू झालं. सोबत बायको. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कडकपणात माझ्या सासूच्या वरताण. दोन लोखंडी दांड्यांच्या मधून त्या मला चालवायच्या. डाव्या पायाला अजून नीट समजायचं नाही, त्यामुळे चप्पल कधी सुटून मागं राहायची ते मला दुसऱ्यानं सांगावं लागायचं. दांड्या सुटल्या, मग वॉकर सुटला आणि सहा-सात महिन्यांनी मी काठीवर आलो.

अडचण पायांची राहिली नव्हती, लोकांची होती. आमच्याकडे माणूस उठायला लागला की आजूबाजूचे चार हात आपोआप त्याच्या काखेत जातात. एकदा मी ऑटोतून उतरत होतो, तर एका अनोळखी गड्यानं मला अलगद उचललं आणि हॉटेलातल्या बाकड्यावर नेऊन बसवलं. मला तिथं जायचंच नव्हतं. वर त्यानं चहा पाजला, त्यामुळे भांडताही येईना.

मॅडमनी जमिनीवरून उठायचं शिकवलं होतं. कुशीवर वळायचं, हातापायांवर यायचं, एक गुडघा उभा करायचा, त्यावर हात रोवायचा आणि उठायचं. दवाखान्यात त्या माझ्या कमरेचा पट्टा धरून उभ्या असायच्या. घरी मी गुडघ्यापर्यंत आलो की बायकोचे हात काखेत आलेच. मी चिडायचो, ती म्हणायची, पडलात तर पुन्हा नांदेड मलाच बघायचंय. तिचंही खोटं नव्हतं.

मला एकट्यानं शेतात जायचं होतं. पडल्यापासून माझी हळद मी बांधावरूनसुद्धा पाहिली नव्हती. एकटा गेलो आणि वाटेत खाली बसलो तर उठवणार कोण, एवढ्या एका प्रश्नावर घरचे मला अडवून धरायचे. मी मॅडमकडं तक्रार केली. त्या म्हणाल्या, "काका, पाय तयार आहेत. एकदा कुणाचाही हात न लागता उठून दाखवा, मग खुशाल जा."

त्या दिवशी त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. माझ्या चहाड्या चालल्या असणार, हे मी ओळखलं. ऑटोत विचारलं तर म्हणाली, बायकांचं बोलणं आहे. पुढं दोन महिने उठताना तिचे हात थोडे उशिरा येऊ लागले, पण यायचे मात्र नेमानं.

मग शिरड शहापूरला मेव्हण्याच्या मुलाचं लग्न निघालं. मी त्या घरचा थोरला जावई. त्यांनी माझ्यासाठी पंगतीच्या बाजूला टेबल-खुर्ची मांडली, वर फुलाफुलांची चादर. जावयाचा मान म्हणे. मला तो मान पेशंटाचा वाटला. मी काठी मांडवाच्या खांबाला टेकवली आणि खाली जमिनीवर, पंगतीच्या तोंडाशी जाऊन बसलो. बसवायला तिघे धावलेच.

जेवण झकास झालं. उठायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं, की जावई उठल्याशिवाय पंगत उठत नसते. चाळीसेक माणसं ताटावर हात धरून माझ्याकडं बघत होती. वाढप्याला वाटलं माझं पोट भरलेलं नाही. तो दोनदा बुंदी टाकून गेला.

मी कुशीवर वळलो. शेजारच्या म्हाताऱ्याचा हात सवयीनं पुढं आला. त्यानं त्यावरचं वरण पाहिलं, माझा पांढरा सदरा पाहिला आणि हात मागं घेतला. पलीकडच्यानं डावा हात काढला, पण जावयाला डाव्या हातानं धरणं त्याचं त्यालाच बरं दिसेना. सगळ्या पंगतीचे हात खरकटे होते. पडल्यापासून पहिल्यांदा एवढी माणसं भोवती असून मला कुणी उचलू शकत नव्हतं.

मी हातापायांवर आलो. गुडघा उभा केला, तो थरथरला आणि मी परत खाली बसलो. तेव्हा मात्र मला खरंच भीती वाटली. आता उठलो नाही तर शेत गेलं, असंच मनात आलं. पुन्हा गुडघा उभा केला, त्यावर हात रोवला, पायजम्यावर वरणाचा पिवळा पंजा उठला आणि मीही उठलो.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे हात धुवायला पळाले. म्हाताऱ्याच्या पायाला मात्र मुंग्या आल्या होत्या. मी खांबाला टेकवलेली माझी काठी घेऊन त्याच्यापुढं धरली, तो तिला धरून उठला आणि वर मलाच म्हणाला, लई वेळ लावला जावईबापूंनी.

वळून बघतो तर बायको मागच्या खांबाशी उभी. बायकांची पंगत अजून बसायची होती.

परत येताना ऑटोत मी तिच्या मनगटाकडं पाहिलं. बांगड्या रुतून लाल वळ उठले होते.

"तुझे हात तर कोरडे व्हते," मी म्हणालो. "काहून न्हाई आलीस?"

तिनं पदर मनगटावर ओढून घेतला.

"मॅडमनं मलाबी व्यायाम दिला व्हता," ती म्हणाली. "तुमी उठाया लागले की हात बांधून उभं राहायचा. दोन महिने झाले, आज पयल्यांदा जमला."